साठाला एक कमी

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर गणिताच्या बाईंनी तिला मागे टाकलं.

तसं पाहिलं तर यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. पहिली घंटा होऊन गेली होती, जिन्यावरची झुंबड ओसरली होती, आणि गणिताच्या बाई एका हातात वह्यांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात कठडा, अशा दर पायरीला हुश्श करत निघाल्या होत्या. बाईंच्या निवृत्तीला अजून दीड वर्ष होतं, पण त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा कधीच दिलेला होता, हे पाचवीच्या पोरांनाही ठाऊक होतं. त्या बाई तिच्या शेजारून गेल्या. एक पायरी, हुश्श. दुसरी पायरी, हुश्श. वर पोचल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "ये गं सावकाश. तुझी हजेरी मी शेवटी घेते." "बुटाची नाडी सुटली होती बाई," ती म्हणाली. तिच्या बुटांना नाडी नव्हती. पट्टा होता, आणि तोही घट्ट लावलेला. बाईंनी पट्ट्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि चुकीची उत्तरं बघण्यात जन्म गेलेल्या माणसाच्या शांतपणानं त्या पुढे गेल्या. ती कठडा धरून उभी राहिली. छातीत कुणीतरी जड कपाटं इकडून तिकडे सरकवत होतं. याच जिन्यावर तीन-तीन पायऱ्या गाळून चढल्याबद्दल तिला दोनदा शिक्षा झाली होती. 'जिना चढण्यासाठी असतो, उडण्यासाठी नव्हे' हे वाक्य तिनं पन्नास वेळा लिहिलं होतं आणि एक्कावन्नाव्या वेळी, वही द्यायला जाताना, पुन्हा उडत गेली होती. आता उडणं राहू दे. उरलेल्या अकरा पायऱ्या तिला अकरा माणसांसारख्या दिसत होत्या, एकेकाची समजूत काढून पुढे जायचं होतं.

बावीस दिवसांनी ती शाळेत आली होती. पाच दिवस ताप, मग खोकला, मग नुसतंच पडून राहणं. फुप्फुसांत शिरलेला एक विषाणू, डोळ्यांना न दिसणारा, नाव घ्यायच्याही लायकीचा नाही, आणि त्यानं तिच्यासारख्या मुलीला आडवं केलं, याचा तिला आजारापेक्षा जास्त राग होता. घरात तिला भोंगा म्हणत. हे नाव ताईनं ठेवलेलं. कारण ती न्हाणीघरातून हाक मारायची तेव्हा खाली रस्त्यावरचा माणूस वर बघायचा. त्या आजारात भोंग्याचं काय झालं तर त्याच्यात स्वल्पविराम घुसले. "आई, मला, पाणी, दे, ना." एवढ्याशा वाक्याला चार थांबे. ऐकणाऱ्याला वाटावं, ही मुलगी फार विचार करून बोलते. आई दारात उभी राहून ते स्वल्पविराम मोजायची. आई शिवणकाम करते, दिवसभर तिचे ओठ टाके मोजत हलत असतात, तेव्हा तिनं लेकीचे श्वास मोजले यात नवल नाही; पण त्या दिवसांत आईचे ओठ हलताना पाहिले की तिला वाटायचं, आई आपल्या अंगावरचं माप घेतेय आणि कापड कमी पडतंय. मग एक दिवस तीन थांबे झाले, मग दोन, मग एक. डॉक्टर नळी कानातून काढत म्हणाले, "झालीस की बरी." त्या वेळी तिला केवढा आनंद झाला होता! जिन्यावर उभी राहून आता तिला त्या शब्दाची लबाडी कळली. बरी म्हणजे आजारी नाही. पण बरी म्हणजे चांगलीही नाही. बाई पेपर परत देताना म्हणतात, "बरा आहे," तेव्हा कुणी पेढे वाटतं का? बरा म्हणजे पास झालास, गप घरी जा. सोळा वर्षं ती कशातही नुसती बरी नव्हती. अभ्यासात वाईट होती, भांडणात उत्तम होती, आणि पाण्यात, उगाच विनय कशाला, पाण्यात तिच्या तोडीचं शाळेत कुणी नव्हतं.

आणि शनिवारी स्पर्धा होती. चौघींची साखळी शर्यत, तिसरी फेरी तिची. तिसरी फेरी म्हणजे काय हे काठावरून ओरडणाऱ्यांना कळत नाही. पहिलीला सगळे बघतात, शेवटचीला टाळ्या मिळतात. तिसरी ती, जिच्या फेरीत आधी झालेलं नुकसान भरून निघतं. ते ती भरून काढायची. पाण्यात उडी मारली की पहिले काही क्षण कान मुके होतात, वरचं सगळं जग, बाया, घंटा, ताई, सगळं कुणीतरी झाकण लावून बंद केल्यासारखं, आणि मग हातांना पाणी सापडतं. बावीस दिवस अंथरुणात ती तेच करत होती: डोळे मिटून हातांना पाणी सापडवत होती. म्हणून त्या सोमवारी संध्याकाळी ती पोहण्याच्या तलावावर गेली ती थेट पिशवी, टोपी, चष्मा सगळं घेऊनच. पोहण्याच्या सरांनी शिट्टी तोंडातून काढली नि विचारलं, "कुठे?" "पाण्यात," ती म्हणाली. "पाणी कुठे जात नाही," सर म्हणाले, "आधी कागद." सर तरुण होते, डोक्याला रुमाल बांधायचे, आणि दिसायला निष्काळजी असले तरी त्यांच्याकडे प्रत्येक मुलीचा एक कागद होता. हंगामाच्या सुरुवातीला, सगळ्या ठणठणीत असताना, त्यांनी सगळ्यांना दोन साध्या गोष्टी करायला लावल्या होत्या. एक, हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, एका मिनिटात किती वेळा ते मोजायचं. दोन, सपाट जागेत सहा मिनिटं चालायचं, पळायचं नाही, आणि किती मीटर झाले ते लिहायचं. तेव्हा सगळ्या खिदळल्या होत्या. खुर्चीवरून उठणं-बसणं ही काय परीक्षा झाली? ती तर म्हणाली होती, "सर, आमचे आजोबा यात पहिले आले असते." तिचे आकडे होते चाळीस आणि सातशे. सरांचा नियम असा की आजारपणानंतर दुसऱ्या कुणाशी तुलना नाही, स्वतःच्याच जुन्या आकड्याच्या ऐंशी टक्के जमलं तर खोल पाणी. नाही जमलं तर बाहेर. "म्हणजे बत्तीस वेळा खुर्ची आणि पाचशे साठ मीटर," सर म्हणाले. "बुधवारी घरीच कर, मोठं माणूस समोर ठेवून. गरगरलं, छातीत दुखलं तर तिथेच थांबायचं, शूरपणा नको. गुरुवारी मला सांग. आणि दुसऱ्या दिवशी कशी होतीस तेही सांग." "दुसऱ्या दिवशी कशाला?" "कारण त्या दिवशी सगळेच शूर असतात."

घरी हे ऐकून बाबांना जो आनंद झाला तो बघण्यासारखा होता. बाबा लिफ्टचे मेकॅनिक. त्यांच्या मते जगातले निम्मे प्रश्न माणसं लिफ्टसारखं वागत नाहीत म्हणून निर्माण होतात. "बरोबर आहे तुझ्या सरांचं," ते म्हणाले. "दुरुस्ती झाली की आम्ही लिफ्टला विचारतो का, बाई, बरं वाटतंय का आता? ती काय, हो म्हणेल. आम्ही आधी रिकामी चालवतो, मग अर्धं वजन, मग पुरं. आकडा लिहितो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन बघतो, कारण तार रात्रीतून ताणते." "मी लिफ्ट नाही," ती म्हणाली. "नाहीस ना," ताई पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "लिफ्ट शांत असते." आईनं मात्र कुणाला काही न म्हणता शिवणयंत्राजवळची पाठ ताठ असलेली लाकडी खुर्ची आणून भिंतीला टेकवली आणि हलते का ते दोनदा पाहिलं. खुर्चीचं काम सोपं झालं. म्हणजे, सोपं झालं असं तिनं जाहीर केलं. प्रत्यक्षात वीसनंतर मांड्या पेटल्या, पंचविसानंतर खोलीतला पंखा दोन पंख्यांसारखा दिसला, आणि आईचे ओठ हलत राहिले: अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. तेहतीस झाले! एक जास्तच. ती खुर्चीत अशी पसरली जणू खुर्ची तिनेच जिंकली होती. "दम लागला?" आईनं विचारलं. "दम आहे म्हणून लागला," ती म्हणाली, आणि हे वाक्य तिला स्वतःलाच एवढं आवडलं की ते तिनं एका श्वासात, एकही स्वल्पविराम न घेता, परत एकदा म्हणून दाखवलं.

चालायला जागा म्हणजे त्यांच्या चौथ्या मजल्यावरचा लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना चार-चार दारं. तासभर विश्रांती झाल्यावर आईनं तिची शिवणाची टेप घेतली, बाबांनी दुसरं टोक धरलं, आणि टेप पुढे-पुढे सरकवत बरोबर वीस मीटरच्या दोन्ही टोकांना आईनं कापडावर ओढायच्या खडूनं फरशीवर रेघ मारली. ताई फोनवर वेळ लावून मधल्या दाराशी बसली. भोंगा निघाला. पहिली दोन मिनिटं मजेत गेली, समोरच्या काकूंनी दार उघडून विचारलं, "काय हरवलंय का गं?" पुढच्या फेरीला त्या तिथेच होत्या, "सापडलं का?" त्याच्या पुढच्या फेरीला त्यांनी स्टूल आणलं. "बोलत राहा," बाबा म्हणाले, "भोंगा बंद पडला की मला कळेल." मग ती बोलत राहिली, काकूंना त्यांच्या दाराचा रंग किती वाईट आहे ते सांगितलं, ताईला परीक्षेत काय येणार ते सांगितलं, आणि तिसऱ्या मिनिटाला तिच्या लक्षात आलं की वाक्यं आखूड होताहेत. चौथ्या मिनिटाला नुसते शब्द. पाचव्या मिनिटाला ती फेऱ्या मोजत होती आणि बाकी काही नाही. अठरा. एकोणीस. पायाखालून फरशी येत होती आणि जात होती, दारं येत होती आणि जात होती, आणि अचानक तिला ती चार-पाच वर्षांची असतानाची एक लिफ्ट आठवली. बाबांबरोबर ती कामाला गेली होती, कुठल्याशा उंच इमारतीत, हातात बिस्किट, आणि बाबा तिला मजल्यांवरून आकडे शिकवत होते. अठ्ठावीस आलं, दाराच्या फटीतून उजेडाची पट्टी वरून खाली गेली, आणि मग एकोणतीस. "ह्याच्यात तीस का आलं?" तिनं विचारलं होतं. "अजून तर तीस झालं नाही." बाबा म्हणाले होते, "म्हणून तर. तीसला एक मजला कमी आहे. हा आकडा आपलं नाव सांगतानाच काय कमी आहे ते सांगून टाकतो. बाकीचे आकडे आपल्याकडे काय आहे ते सांगतात. हा एकटा खरं बोलणारा." तिला तो आकडा बिचारा वाटला होता. स्वतःच्या नावातच दुसऱ्याचं मोठेपण घेऊन फिरणारा. आपण कधी एकोण-काही व्हायचं नाही असं तिनं बिस्किट खाताना ठरवलं होतं, आणि पुढे अकरा वर्षं ती ते पाळत आली होती. पंचवीस. कानात हृदय वाजत होतं, तळव्यांवर घाम होता, काकू स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. सव्वीस. सत्तावीस. वळली. रेघ दिसली, आईच्या खडूची निळी रेघ, ती मोठी होत आली, आणि ताई ओरडली, "थांब!"

ती थांबली. पाय जिथे पडला तिथेच ठेवायचा होता. पायाची बोटं आणि रेघ यांच्यात आईनं टेप धरली. एक मीटर. बरोबर एक मीटर, वर बोटभरही नाही. सत्तावीस फेऱ्यांचे पाचशे चाळीस आणि वर एकोणीस. "पाचशे एकोणसाठ," बाबा म्हणाले. मग काकूच म्हणाल्या, "अहो, घ्या की साठ. एका मीटरनं काय कुणाचं घोडं अडलंय? टाचेपासून मोजा." ताई म्हणाली, "मीच एक क्षण आधी ओरडले असेन." आई टेप गुंडाळत होती, खाली बघत. अंगरखा कमी पडत असेल तर आई शिलाईत दाबलेलं कापड सोडते, ती कला तिच्याकडे आहे. या वेळीही कुठे थोडं सोडता येईल का हे आई शोधत होती, हे तिला स्पष्ट दिसलं. बाबांनी मात्र खिशातली वही काढून आकडा लिहिला. "आधी आकडा," ते म्हणाले, "मग रडारड." "मी रडत नाहीये," ती म्हणाली आणि तिला आढळलं की हे तीन शब्द म्हणायला तिला, मध्ये, थांबावं लागलं.

गुरुवारी सकाळी ती उठली ती कुणीतरी रात्रभर अंगावर पोती रचल्यासारखी. केस विंचरायला हात वर केला तर खांदा म्हणाला, आज नको. दुसऱ्या तासाला इतिहासाच्या वहीवर तिचं डोकं टेकलं आणि ती जी झोपली ती थेट चौथ्या तासाच्या घंटेला जागी झाली, गालावर वहीच्या तारेचे ठसे, आणि शेजारीण म्हणते, "घोरत होतीस, पण बारीक." संध्याकाळी तलावावर मात्र ती ताठ गेली. तिथे नेहमीचा गोंगाट होता, छोट्यांचा वर्ग सुटत होता, सर एका हातानं कुणाचा तरी पाय पाण्यातून बाहेर काढत होते आणि दुसऱ्या हातात कागद लावलेली फळी नि पेन होतं. "हं, बोल. खुर्ची?" "तेहतीस." "वा! चालणं?" तिनं सांगितलं. खरं तेच सांगितलं, मोठ्यानं, चोरून नाही, "पाचशे एकोणसाठ!" सरांनी लिहिलं. "आणि आज कशी आहेस?" आता या प्रश्नावर एक लहानशी शांतता व्हायला हवी होती, पण तिथे शांतता मिळणं शक्य नव्हतं, त्या गोंगाटातच तिच्या तोंडून गेलं, "ठीक." सरांनी तेही लिहिलं. एक मीटरनं आपण गेलो हे तिला माहीत होतं, मग 'ठीक' म्हटल्यानं काय बिघडणार होतं? गेलेल्या गाडीच्या मागे फेकलेला दगड, बस्स. ती घरी आली, जेवली नाही, आणि आईला सांगितलं की शनिवारी नववीतली पोहणार. नववीतली म्हणजे त्यांची राखीव, उंच, हडकुळी, पाण्यात सरळ जाणारी आणि बाहेर आली की घाबरणारी मुलगी.

शुक्रवारी तलावावरच्या फळ्यावर यादी लागली होती, आणि तिसऱ्या फेरीसमोर तिचंच नाव होतं. तिनं ते दोनदा वाचलं. नावापुढे सरांच्या गोल अक्षरात आकडे: हवेत ५६०, झाले ५६९. काही क्षण तिला वाटलं आपणच चुकीचं सांगितलं. मग कळलं. सर आकडे शिकले ते दुसऱ्या भाषेत. मराठीत त्यांना साठापर्यंतही धड जाता येत नाही, मुली त्यांची थट्टा करतात, 'त्र्याहत्तर' म्हटलं की ते बोटं मोजतात. एकोणसाठ ऐकलं, त्यात साठ ऐकलं, 'एकोण' म्हणजे नऊ धरलं, आणि झालं: साठ आणि नऊ. साठाला एक कमी असलेल्या मुलीला त्यांनी साठाला नऊ जास्त करून टाकलं होतं. तिला हसू आलं. खरंच, आधी हसूच आलं, पोटातून, भोंग्यासारखं. मग मागून नववीतली म्हणाली, "बरं झालं बाई तू आहेस ते." आणि दुसऱ्या दोघींनी तिच्या पाठीत एकेक धपाटा घातला, आणि ती त्या फळ्यासमोर उभी राहिली, पाठीवर दोन ऊबदार हात उमटलेले, आणि तिच्या डोक्यात एक फारच सभ्य आवाज बोलायला लागला. तो म्हणाला, तू कुठे खोटं बोललीस? तू खरं सांगितलंस. ओरडून सांगितलंस. चूक ज्याच्या पेनाची त्याची. तो म्हणाला, एका मीटरनं काय कुणाचं घोडं अडलंय. तो म्हणाला, रेघ आईनं मारली, खडू जाड होता. तो आवाज किती हुशार होता, तिला स्वतःचंच कौतुक वाटलं! आणि त्याच वेळी, दुसरीकडे कुठेतरी, तिसऱ्या फेरीचं पाणी सुरू झालं. उडी. कान मुके. हातांना पाणी सापडतं. पंचवीस मीटर, भिंत, वळण. आणि मग परतीच्या वाटेवर, मध्यावर, जिथे खाली निळ्या फरशा दिसेनाशा होतात आणि नुसतं निळं उरतं, तिथे पाचवं मिनिट सुरू होतं. नुसते शब्द. मग तेही नाहीत. तिथे स्टुलावर काकू नाहीत. तिथे 'थांब' म्हटलं तर पाय जिथे आहे तिथे ठेवता येत नाही. ती हे बघत होती आणि आश्चर्य असं की तिला भीती वाटत नव्हती, फक्त सगळं अगदी ठळक दिसत होतं, धुतलेल्या काचेतून दिसावं तसं. एक मीटर ही सरांची चूक होती. पण त्या ओळीत शेवटी, छोट्या रकान्यात, एक शब्द होता, आणि तो ऐकायला कुणी चुकलं नव्हतं. 'ठीक' तिचं स्वतःचं होतं. ते तर अगदी नीट ऐकून, नीट लिहिलेलं होतं.

सर पायऱ्यांवर बसून शिट्टीची दोरी सोडवत होते. "सर, एकोणसाठ म्हणजे किती?"

"आता हे काय? परीक्षा माझी की तुझी?"

"सांगा ना."

सरांनी हवेत बोट फिरवलं. "साठ... आणि नऊ."

"साठाला एक कमी, सर."

सरांचं बोट हवेतच राहिलं. ते फळ्याकडे वळले, मग तिच्याकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "कमी कशाला म्हणायचं पण? जे आहे ते सांगावं ना आकड्यानं!"

"तेच सांगतो तो. उरलेलं पण सांगतो."

"म्हणजे एक मीटर." सरांनी डोक्यावरचा रुमाल काढून परत बांधला. "एकच ना? अगं, एक मीटर म्हणजे... तुमचा तो पॅसेज तरी कुणी मोजला? मी समजा तिथे उभा असतो तर साठच धरले असते. तेहतीस खुर्च्या केल्यास तू. उद्या तुझ्याशिवाय—" ते थांबले. त्यांनाही ती हवी होती. हे तिला इतकं लख्ख कळलं की तिला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं; दार उघडंच होतं, आतून कुणी ढकलायचीही गरज नव्हती, सर ते धरूनच उभे होते.

"मी काल दोन तास वर्गात झोपले होते," ती म्हणाली. "हात वर होत नव्हता. आईनं विंचरलं. मी तुम्हाला ठीक म्हणाले ते खोटं होतं."

ती हे सगळं एका दमात म्हणाली. मध्ये कुठे टेकली नाही.

पाण्यावर कुणीतरी फळी आपटली, छोट्यांपैकी कुणीतरी किंचाळलं. सर उठले, फळ्यावरची यादी काढली आणि पेनासकट तिच्यापुढे धरली. "मला तुमचे आकडे येत नाहीत," ते म्हणाले, "तूच लिही." तिनं ५६९ वर एक सरळ रेघ मारली, आईच्या खडूसारखी, आणि शेजारी ५५९ लिहिलं. 'ठीक' खोडलं. तिथे जागा फार थोडी होती. तिनं लिहिलं, 'झोपले. दोन तास. हात जड.' मग तिसऱ्या फेरीसमोरचं स्वतःचं नाव खोडायची वेळ आली आणि पेन थोडं थांबलं. आतून काहीतरी सरकलं, बावीस दिवसांचं सगळं पाणी एकदम, आणि डोळ्यांपर्यंत येऊन उभं राहिलं. तिनं ते तिथेच उभं राहू दिलं. नाव खोडलं आणि नववीतलीचं लिहिलं, ऱ्हस्वदीर्घासकट, सुवाच्य अक्षरात. नववीतली मागून म्हणाली, "नको ना गं! मला नाही जमणार." "जमेल," ती म्हणाली. "परतताना मध्यावर श्वास अर्धवट घेऊ नकोस, पुरा घे. आणि मी काठावर आहे. तू माझा आवाज ऐकला आहेस ना?" "सगळ्या शहरानं ऐकलाय," नववीतली म्हणाली, आणि घाबरलेल्या तोंडानंच हसली.

"पुढच्या बुधवारी परत चाल," सर म्हणाले. "मधले दिवस हळू. आणि ते पिशवीत टोपी-चष्मा घेऊन आली आहेस तर..." त्यांनी हनुवटीनं छोट्यांच्या तलावाकडे खूण केली. "पोहायचं नाही. फक्त चालायचं, पाण्यात. पाच मिनिटं."

छोट्यांच्या तलावात तिच्या कमरेला पाणी लागत होतं. सोळा वर्षांची आडवीतिडवी वाढलेली मुलगी रंगीत फळ्यांच्या आणि फुगवलेल्या बाह्यांच्या मधून चालत निघाली, आणि एका चिमुरडीनं तिला विचारलं, "तुला येत नाही?" "येतं," ती म्हणाली, "मोजतेय." मोठ्या तलावाकडून शिट्टी ऐकू आली, चौघींच्या उड्यांचा आवाज, एक, दोन, तीन, चार, तिसरा आवाज तिनं ओळखला आणि तो चांगला, खोल, स्वच्छ आवाज होता. ती टोकाला पोचली, जिथे तळ जरासा उतरतो, आणि गुडघे वाकवून गळ्यापर्यंत पाण्यात बसली. पाणी चहूबाजूंनी छातीवर टेकलं. जड होतं, प्रामाणिक होतं, कुणाच्या नात्यातलं नव्हतं. त्यानं बरगड्या दाबल्या आणि वाट बघितली. तिनं श्वास घेतला, जेवढा होता तेवढा, आणि पाणी मागे सरलं. तिच्या श्वासाएवढंच, एक थेंब जास्त नाही, एक थेंब कमी नाही.